ठोसरांची राहिलेली तीन वर्षं

ठोसर रस्त्याने चालता चालता मध्येच थांबायचे, शर्टाच्या वरच्या खिशातून एक गोल आरसा काढायचे आणि ऊन पकडायचे. दाढीसाठी वापरतात तसला, पत्र्याच्या कडेचा, तळहाताएवढा आरसा. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थ भांग ठीक करताहेत. आणि डोक्यावर भांग पाडण्याजोगं काहीच नसल्यामुळे मला त्यांच्या आशावादाचं कौतुक वाटलं. पण आरशाचं तोंड त्यांच्याकडे नव्हतंच. उन्हाचा एक पांढरा तुकडा त्यांनी समोरच्या भिंतीवर फेकला, घसरवत कुंपणावर आणला, कुंपणापलीकडे सोडून दिला आणि मला म्हणाले, "या, वाकून बघा. वरून काही कळत नाही."

आमची ओळख नव्हती. तरी मी वाकलो. कुंपणापलीकडे, दोन इमारतींच्या मधल्या बोळात, एक अरुंद विहीर होती. तळाशी हिरवट पाणी, पाण्यात तो उन्हाचा तुकडा आणि त्या तुकड्यात तांदळाच्या दाण्याएवढे मासे लगबगीने फिरत होते. नौपाड्यात मी तेव्हा पंचवीस वर्षं राहत होतो. नोकरी वाचनालयात, ठाण्याच्या इतिहासावरची जी काही पुस्तकं आहेत त्यांच्यावर मी स्वतःच्या हाताने शिक्के मारलेले. ही विहीर त्यांतल्या एकातही नव्हती. मी तसं म्हणालो, तर ठोसर म्हणाले, "पुस्तकवाले पुढच्या दाराने येतात. विहीर मागल्या दारी असते." त्या दिवसापासून त्यांनी मला 'ग्रंथपाल' अशीच हाक मारली. नाव कधी विचारलंच नाही.

ते हिवताप खात्यातून निवृत्त झाले होते. हुद्द्याचं नाव भारदस्त, काम साधं. घरोघर जायचं, पिंपं, टाक्या, विहिरी तपासायच्या, लांब दांड्याचा पांढरा डबा पाण्यात बुडवून वर काढायचा आणि त्या पांढऱ्यावर काळं काही वळवळतं का ते पाहायचं. वळवळत नसेल तर पुढचं घर. असेल तर औषध, नाहीतर गप्पी मासे. आणि प्रकरण हाताबाहेरचं असेल तर मालकाला नोटीस – विहीर झाका किंवा बुजवा. तीस-बत्तीस वर्षं हे केल्यामुळे जुन्या ठाण्यातली मोठमोठी घरं त्यांना फक्त मागून ठाऊक होती. माणसांविषयीची मतंही त्यांनी तिथूनच बनवली होती. एका निवृत्त न्यायाधीशांचा विषय निघाला तेव्हा ते थोडा विचार करून म्हणाले, "माणूस बरा. पण पिंपाला झाकण नसायचं." दुसऱ्या एका समाजसेवकाबद्दल एवढंच, "त्यांच्या कुंड्यांच्या बशा मी बघितल्यात."

पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते एक फेरी काढत. सुरुवातीला आम्ही पाच-सहाजण असू. सकाळी साडेसहाला निघायचं, म्हणजे उन्हाने डोकं वर काढायच्या आत अर्धी वाट सरते. चैत्रात हा भाग खरोखर देखणा असतो. कोणाला सांगायला जावं तर विश्वास बसत नाही. कडुनिंबाचा मोहोर गळून स्कूटरच्या सीटवर पडलेला असतो, पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी असते आणि करंजाखाली जांभळट फुलांचा असा सडा पडतो की झाडूवाल्या बायकाही क्षणभर झाडू टेकवून उभ्या राहतात. बुटक्या कुंपणांची दुमजली घरं, लाकडी जाळीचे व्हरांडे, मागे नारळ. दोन घरं सोडून तिसऱ्यावर 'पुनर्विकास' असा फलक. ठोसर यातलं काहीही दाखवत नसत. ते आम्हाला गल्ल्यांच्या पाठीमागून न्यायचे आणि विहिरी दाखवायचे. बहुतेक विहिरी आता नव्हत्याच. काँक्रीटची झाकणं होती; त्यांच्यावर कोणाच्या मोटारी, कोणाच्या कुंड्या. ठोसर झाकणावर टाच आपटून म्हणायचे, "ऐका. खाली पाणी आहे अजून." आवाज पोकळ यायचा. मग ते पुढे निघायचे. ती झाकणं कोणी घालायला लावली, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही वसंत बघायला आलो होतो.

मग वैशंपायन आले. शहराच्या वारशाचं रक्षण करणारं एक मंडळ त्यांनी स्थापन केलं होतं, आणि कोणतीही चांगली गोष्ट बॅनरशिवाय चालू असलेली त्यांना बघवत नसे. दोन वर्षांत पाच-सहांचे सत्तर जण झाले. सगळ्यांना पिवळ्या टोप्या. ठोसरांच्या कॉलरला माइक. ठोसर 'विहीरकाका' झाले. वैशंपायन सुरुवातीला वीस मिनिटं बोलत आणि त्यात 'समृद्ध' हा शब्द सात वेळा येई. मी मोजत असे, त्यावेळी करण्यासारखं दुसरं काही नसे. ठोसर टोपी हातात धरून उभे राहत. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ग्रंथपाल, यांच्या भाषणात डबा बुडवला तर काय काय सापडेल हो?"

फेरीचा शेवट इंदूताईंच्या परसात व्हायचा. इंदूताई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, वडिलांच्या घरात राहणाऱ्या. वडील मामलेदार होते आणि मरेपर्यंत मामलेदारच राहिले, असं त्या स्वतः सांगत. त्या घराची विहीर ही आमच्या वाटेवरची एकच जिवंत विहीर, म्हणजे जिचं पाणी अजून माणसं पितात अशी. कठड्यापाशी सुरंगीचं झाड. चैत्रगौर बसलेली असायची, म्हणून इंदूताई सगळ्यांना आंब्याची डाळ द्यायच्या आणि विहिरीच्या थंड पाण्यातलं पन्हं. ठोसर विहिरीत आरशाने ऊन सोडायचे, सत्तर टोप्या आळीपाळीने वाकायच्या आणि ठोसर दरवर्षी तेच वाक्य म्हणायचे, "या विहिरीत मी कधी अळी पाहिलेली नाही." टाळ्या पडायच्या. पन्ह्याचा पेला ते हातात घ्यायचे, जरा वेळ धरायचे आणि मग हळूच सुरंगीच्या मुळाशी ओतायचे. मी एकदा पकडलं तर म्हणाले, "मला आंबट चालत नाही." नंतर ते माझ्याच घरी दोन वाट्या चिंचेचं सार प्यायले, तेव्हा हे वाक्य मला आठवलं होतं. मी ते तसंच सोडून दिलं.

इंदूताईंच्या घरात त्यांच्या पुतण्याचाही वाटा होता. समीर त्याचं नाव; वाईट मुलगा नव्हता, त्याला फक्त त्या जागेवर आठ मजले दिसत होते. बिल्डर ठरला, नकाशा निघाला आणि नकाशात विहिरीवर गाड्या लावायची जागा आली. इंदूताई म्हणाल्या, घर पाडा, माझे गुडघेही जिना चढत नाहीत. पण विहीर ठेवा. समीर म्हणाला, विहीर ठेवली तर गाड्या कुठे ठेवायच्या? वैशंपायनांनी अर्ज केला, सह्या गोळा केल्या, आणि शेवटी एक तरुण अधिकारी पाहणीला येणार असं ठरलं. विहीर चांगली, पिण्याजोगी असल्याचं जाणकार म्हणून ठोसर सांगणार होते. त्यांच्याइतका जाणकार गावात दुसरा नव्हता. पुढच्याच आठवड्यात मंडळातर्फे त्यांचा सत्कार होता. शाल येऊन पडली होती.

पाहणीच्या सकाळी परसात तीसेक माणसं जमली. घराच्या मागे चार खोल्यांची एक बैठी ओळ आहे, मामलेदारांच्या काळापासूनच्या भाडेकरूंची. तिथली माणसंही आली होती आणि त्यांत कोपऱ्यातल्या खोलीतल्या चंपामावशी होत्या. सत्तरीच्या पुढच्या, माहेर खाडीकाठचं, उभा जन्म मासळी विकण्यात गेलेला. आमच्या फेरीच्या दिवशी त्या स्वतःच्या दाराच्या पायरीवर बसून आमच्या टोप्यांकडे बघत हसायच्या. एकदा म्हणाल्या होत्या, "पिवल्या टोप्या घालून हिर बगाया येताव? आमी तर उगड्या डोक्यानी पानी काराचो." पन्हं घ्यायला मात्र त्या कधी कठड्याजवळ आल्या नाहीत.

अधिकारी आला. कडक इस्त्री, काळा चष्मा, हातात फाइल. तो सुरंगीच्या सावलीत उभा राहिला, विहिरीपासून दहा पावलांवर. वैशंपायन 'समृद्ध'पर्यंत पोचले होते, इतक्यात समीर पुढे झाला आणि त्याने आजोबांच्या कागदांतून काढलेला एक पिवळा पडलेला कागद अधिकाऱ्याच्या हातात दिला.

अधिकाऱ्याने तो मोठ्याने वाचला. सदर विहिरीत डासांच्या अळ्या मोठ्या प्रमाणात आढळल्या. विहीर पक्की झाकावी अथवा बुजवावी. चाळीसेक वर्षांपूर्वीचा कागद. खाली सही.

"ही सही तुमची?" त्याने ठोसरांना विचारलं.

"माझीच."

"पण तुम्ही तर म्हणता, या विहिरीत कधी अळी पाहिलीच नाही."

वैशंपायन अशा वेळी गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. ते ताबडतोब मध्ये पडले. "अहो साहेब, तेव्हा असतील अळ्या! चाळीस वर्षं झाली. पुढे ठोसरांनीच या विहिरीत मासे सोडले, तिला सुधारलं. हीच तर आपली कथा आहे! काय ठोसर? सांगा ना साहेबांना."

खरं सांगतो, मलाही ते पटलं. वैशंपायनांच्या तोंडून निघालेली ती एकमेव उपयोगी गोष्ट होती. नोटीस खरी राहत होती, विहीर चांगली राहत होती, शाल वाया जात नव्हती. ठोसरांनी नुसती मान हलवायची होती. मी माझी हलवलीसुद्धा.

मागून चंपामावशींचा आवाज आला. त्या हसत होत्या, पण ते हसणं ऐकायला बरं नव्हतं.

"तेच तर! मामलेदार बी तेच बोललेला. चंपाच्या मासलीच्या हातांनी हिर नासली. ताला मारला हिरीला. चारी खोल्यांचा पानी गेला, न सगल्या बायका माज्या नावानी बोटा मोरीत. पाच वर्सं, सकाली सा वाजता नाक्यावरच्या नलाला रांगंन उबी व्हते मी. रांगंत बी मना मागं ढकलाच्या. आज सरकारी कागद बी निंगाला. झाला तर मंग! मी मेल्यावर बी लिवा, चंपाबायनी हिर नासवली."

इंदूताई जमिनीकडे बघत होत्या. म्हणजे हे त्यांना माहीत होतं. ठोसरांना माहीत नव्हतं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि ते मला अजून विसरता आलेलं नाही. त्यांनी खिशातून आरसा काढला, हातात फिरवला, परत ठेवला.

"अळ्या नव्हत्या," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं. त्या दाराशी उभं राहून लिहिलं." त्यांनी परसाच्या फाटकाकडे बोट केलं. "तीनदा आलेलो. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा मामलेदार स्वतः आले. मे महिना होता, मी पाणी मागितलं. म्हणाले, ओंजळ करा. वरून तांब्याने ओतलं. तांब्या हाताला लागू नये अशा बेताने. मग म्हणाले, तुमचा डबा आमच्या विहिरीत बुडणार नाही, कोणाकोणाच्या विहिरींतून आलाय कोण जाणे. आणि फाटक लावून घेतलं. मी बाहेर उभा राहून नोटीस लिहिली. म्हटलं, बसा आता पक्कं झाकण घालत."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला असं लिहायला?"

"कोणी नाही. खात्यात कोणी असं करत नसे. मीच केलं."

समीरने टाळी वाजवली, एकच. "छान. म्हणजे हे आपले जाणकार. रागाने खोटी नोटीस लिहिणारे. मग आज विहीर चांगली आहे म्हणतात, ते तरी कशावरून खरं?"

मला समीर आवडत नाही, पण प्रश्न बरोबर होता. विहीर वाचवायला उभा केलेला आमचा एकच साक्षीदार होता, आणि त्याने स्वतःच स्वतःला निकालात काढलं होतं.

एवढ्यावर भागलं नाही. गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, बाजूच्या गल्लीतले. "ठोसर, आमची विहीरही तुमच्याच कागदावरून बुजवली. माझ्या आईने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. ती बघितलेलीत का?"

"बहुतेक बघितलेली," ठोसर म्हणाले.

'बहुतेक' हा शब्द मी आयुष्यात हजार वेळा वापरला असेन. तो इतका भयंकर असू शकतो, हे मला त्या परसात कळलं.

इंदूताई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. कोणाकडेही न बघता. "अण्णांना मागच्या लोकांचं पाणी बंद करायचंच होतं. त्यांना कारण हवं होतं. ते तुम्ही दिलंत." मग जरा थांबून, "आणि मी सगळं बघत होते. अठ्ठावीस वर्षांची होते, काही कुक्कुलं बाळ नव्हते."

अधिकारी सावलीतच उभा राहून लिहीत होता. ठोसरांनी विचारलं, "साहेब, काय लिहिताय?"

"तुमचं निवेदन."

"ते होईल. आधी वाकून बघा." ठोसरांचा आवाज चढला, तो मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता. "इथून नका लिहू. मी इथूनच लिहिलेलं."

तो पोरगा बिचारा गोंधळला. पण आला, चष्मा काढला, कठड्यावर पोट टेकून वाकला. ठोसरांनी आरसा धरला. एरवी तो उन्हाचा तुकडा पाण्यावर खिळ्यासारखा बसायचा. त्या दिवशी तो भिंतीवर, पाण्यावर, पुन्हा भिंतीवर असा थरथरत राहिला.

पाण्याचा नमुना गेला, अहवाल आला. पाणी चांगलं निघालं. विहीर राहिली. पण ती का राहिली हे सांगायला हवं. विहीर येत होती तेवढी पट्टी नियमाप्रमाणे मोकळीच सोडावी लागणार होती. नकाशा काढणाऱ्याने चुकून तिथे गाड्या दाखवल्या होत्या. ठोसर खरं बोलले असते, खोटं बोलले असते किंवा त्या दिवशी घरी झोपून राहिले असते, तरी विहीर राहणारच होती. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. म्हणजे विहिरीसाठी बोललो असं कोणी म्हणणार नाही."

सत्कार रद्द झाला. पुढच्या पाडव्यानंतर मंडळाची फेरी जुन्या मंदिरांकडे वळली, विहिरी वगळल्या. शाल, मला वाटतं, एका उद्योजकांना गेली. ठोसरांनी आपली फेरी काढली. चार माणसं आली, त्यांतले एक बाजूच्या गल्लीतले ते म्हातारे गृहस्थ. त्या फेरीइतकी अवघड फेरी मी केलेली नाही. करंज तितकाच फुलला होता, कोकीळ नको इतका ओरडत होता, आणि ठोसर प्रत्येक झाकणापाशी थांबून सांगत होते, "ही मी बघून बंद केली. अळ्या होत्या." पुढच्या झाकणापाशी, "ही पण." त्याच्या पुढच्या झाकणापाशी म्हणाले, "ही आठवत नाही." असं ते तीनदा म्हणाले. तिसरं झाकण त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या विहिरीचं होतं. ते तिथून घरी गेले.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. पाहणीनंतर दुसऱ्याच सकाळी ठोसर माझ्याकडे आले. "ग्रंथपाल, माझ्याबरोबर चला. माफी मागायचीय. एकट्याने गेलो तर नीट मागणार नाही." आम्ही चंपामावशींच्या दारी गेलो. दार अर्धं उघडं होतं. त्या आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. ठोसरांनी पायरीखाली उभं राहून सांगितलं ते अगदी थोडक्यात होतं, आणि नीट होतं.

आतून आवाज आला, "पाच वर्सं उबी व्हते मी. सकाली सा वाजता. तू पन पाच वर्सं उबा राव हितं. मंग येन भायेर."

मला वाटलं, बाई रागाने बोलताहेत, बोलणारच. दुसऱ्या कोणीही मान खाली घालून घरचा रस्ता धरला असता. पण ठोसरांचं डोकं तसं चालत नसे. त्यांनी काम न करता लिहिलं, ते त्यांना आठवत होतं तेवढं तरी आयुष्यात एकदाच. बाकी जे सांगितलं ते शब्दाप्रमाणे करणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते पायरीखाली उभे होते. तिसऱ्या दिवशी. महिन्याने. सहाला येत, अर्धा तास उभे राहत आणि जात. बसत नसत. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे आधीच गेलेले. मागच्या खोल्यांतल्या लोकांना सुरुवातीला गंमत वाटली, मग कीव, मग सवय झाली. मी समजावून पाहिलं. "ठोसर, हे नाटक दिसतंय लोकांना."

"दिसू दे."

"तुम्हाला पाच वर्षं उभं राहवेल का?"

"ते मला काय माहीत? त्यांना तरी कुठे माहीत होतं, पाच वर्षांनी खोलीत नळ येणार आहे म्हणून? त्या रोज जाऊन उभ्या राहत होत्या." मग जरा वेळाने, "उभं राहिल्यावर कळतं हो. सहा वाजता पाय किती गार पडतात ते. कागदावर तसं काही लिहायला जागा नसते."

चंपामावशी बाहेर आल्या नाहीत. दार अर्धं उघडं असे, इतकंच. इंदूताईंनी मध्ये पडायचा प्रयत्न केला तर त्यांना आतून ऐकावं लागलं, "तुमी नका बोलू ताई. तुमची बी पाच हायेत."

गेल्या फाल्गुनात ठोसर गेले. घरी, दुपारी, वर्तमानपत्र वाचताना. उभं राहण्यामुळे गेले असं काहीजण म्हणाले आणि चंपामावशींकडे वाकड्या नजरेने बघू लागले. म्हणजे पुन्हा त्याच बाईकडे. डॉक्टरांनी हृदय सांगितलं, आणि ते त्यांचं जुनं दुखणं होतं. ठोसरांच्या मुलाने मला आरसा आणून दिला. "बाबा म्हणालेले, ग्रंथपालांना द्या. काय करायचं याचं?" मी म्हटलं, ऊन पकडायचं. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

माणूस मेला की वैशंपायनांना तो सोयीचा होतो. चैत्र तोंडावर होता, घर अजून पडलं नव्हतं, कागद फिरत होते. वैशंपायन आले आणि म्हणाले, विहिरीपाशी एक संगमरवरी पाटी लावायची. 'कैलासवासी विहीरकाका ठोसर यांच्या अथक प्रयत्नांतून वाचलेला समृद्ध वारसा' अशा धर्तीवर काहीतरी. चार ओळी, तुम्हीच लिहा, तुमची भाषा चांगली आहे. मी म्हटलं, यातला एकही शब्द खरा नाही. ते म्हणाले, पाटीवर एवढं चालतं. मी कागद घेऊन चार दिवस बसलो. खोटं लिहवेना, आणि खरं चार ओळींत मावत नव्हतं, हे आतापर्यंत वाचणाऱ्याच्याही लक्षात आलं असेल.

पाचव्या दिवशी सकाळी मी उठून चंपामावशींकडे गेलो. सहा वाजले असावेत. मुद्दाम ठरवून नव्हे. त्या पायरीवर बसून सुपात सुकट निवडत होत्या. बाहेर, पायरीवर. मी उभा राहिलो.

"काय रं, मास्तर?" मला त्या मास्तर म्हणतात, पुस्तकवाले सगळे मास्तर.

मी पाटीचं सांगितलं. त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "येक दिस पाऊस व्हता. लय. मी आतून छत्री फेकली त्याच्याकरं. घेतली नाय मेल्यानी. बोलला, तुमी नलावर व्हताव तवा कुनी दिल्ती का छत्री? मी बोलली, नाय. तर बोलला, मंग ठेवा." त्यांनी सुपातला एक खडा काढून लांब भिरकावला. "भिजला. दुसऱ्या दिशी परत हजर. शिंकीत."

"मावशी, पाच वर्षं झाली असती तर आल्या असतात बाहेर?"

"बोलली व्हते ना. मंग?"

त्या विहिरीकडे बघत होत्या. समोर सुरंगी फुलली होती आणि सगळं परस त्या वासाने भरलं होतं. कठड्यावर ऊन यायला अजून अवकाश होता. खिशात आरसा होता, पण पकडायला काही नव्हतं.

"मग पाटीवर काय लिहू?" मी विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले, बोटांवर बोट ठेवून काहीतरी जुळवलं, आणि कागदावर लिहून घ्यायला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "लिव. दोन वर्सं न चार दिस उबा राह्यला. तीन राह्यलीत त्याची."

मी ते तसंच लिहून वैशंपायनांना नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "एवढंच? 'समृद्ध' कुठेच नाही?"

पाटी अजून लागलेली नाही.